साखरेसाठी डी३ कॅप्सूल: डब्यावरचा दावा आणि आतला माल

‘इन्शुलिन वाढवते’ असं छापलेली डी३ची, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाची, कॅप्सूल घ्यावी का? रक्तात ‘ड’ कमी असेल तर जरूर घ्या. मधुमेहाच्या औषधाऐवजी मात्र नको.

दावा अगदीच हवेतला नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत ‘ड’ जीवनसत्त्वाचे रिसेप्टर (ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा) असतात, आणि त्याला क्रियाशील रूप देणारं विकर (एन्झाइम) देखील तिथे असतं. बीटा पेशीत कॅल्शियम शिरलं की इन्शुलिन बाहेर सुटतं. ही कॅल्शियमची ये-जा सांभाळण्यात ‘ड’चा हात असतो. ‘ड’ कमी पडलं की इन्शुलिनचा स्राव घटतो, हे उंदरांवरच्या प्रयोगात १९८० सालीच दिसलं होतं.

पण तूट भरून काढणं वेगळं, भरल्या भांड्यात ओतणं वेगळं. २०१९च्या डीटूडी चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे २,४२३ जण होते. निम्म्यांना रोज ४,००० युनिट डी३, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. सुमारे अडीच वर्षांनी मधुमेह होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस म्हणावा असा फरक नव्हता. त्यातल्या बहुतेकांची रक्तातली ‘ड’ची पातळी मुळातच मिलीमागे २० नॅनोग्रॅमच्या वर, म्हणजे पुरेशी होती, हे डब्यावर कोण छापणार!

माल म्हणून तेलातली सॉफ्टजेल सोयीची. कुठल्याही प्रकारची घ्या, पण तेल-तूप असलेल्या जेवणासोबत. रिकाम्या पोटी कमी शोषली जाते. लेबलवर २५ मायक्रोग्रॅम असेल तर ते १,००० युनिट. थेंबांच्या बाटलीत गफलत हमखास: कुठे एका थेंबाची मात्रा दिलेली असते, कुठे एका मिलीची. अल्फाकॅल्सिडॉल किंवा कॅल्सिट्रिऑल लिहिलेलं दिसलं तर ते वेगळंच औषध आहे, डी३ म्हणून उचलू नका.

तपासणी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीचीच (शरीरातला ‘ड’चा साठा दाखवणारी) करा आणि पुन्हा तीन महिन्यांनी. महिन्याभरात केलेली तपासणी फसवते, कारण पातळी स्थिरावायला वेळ लागतो. मूतखडा होऊन गेलेल्यांनी आणि थायाझाइड गटाची रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मात्रा अति झाली की रक्तात कॅल्शियम वाढतं: तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता. पहिली दोन लक्षणं वाढलेल्या साखरेचीही, त्यामुळे घोटाळा होतो. साखर ठीक असूनही तहान भागत नसेल, तर कॅप्सूल थांबवून कॅल्शियम तपासून घ्या.