बॉस्टनच्या तारांगणातल्या इलेक्ट्रॉनिक मैफली: एका हिवाळ्यानंतर

बॉस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्समधल्या चार्ल्स हेडन तारांगणात काही संध्याकाळी घुमटाखाली लाइव्ह इलेक्ट्रॉनिक संगीत असतं आणि त्यासोबत घुमटावर चित्रं चालतात, हे इथल्या बऱ्याच मराठी मंडळींच्या गावीही नसतं. मुलांना घेऊन दिवसा जायचं, डायनासोर बघायचे आणि घरी. वरळीचं नेहरू तारांगण बघत मोठा झाल्यामुळे माझ्याही लेखी तारांगण म्हणजे निवेदन आणि नक्षत्रांची ओळख. थंडी सुरू झाल्यापासून मात्र जमेल तेव्हा या मैफलींना जातोय आणि एक मत पक्कं झालंय: घुमटाखाली विलंबितच रंगतं.

याचं कारण डोळ्यांत आहे. घुमटाचा व्यास 57 फूट. त्यामुळे दृश्य नजरेच्या कडांपलीकडेही पसरलेलं असतं. ते सगळं एकदम सरकलं की मेंदूला वाटतं, आपणच सरकतोय. हळू सरकलं तर खुर्ची सुटून तरंगल्यासारखं वाटतं, झपाट्याने सरकलं तर मळमळतं. क्लबमध्ये वाजवायचा सेट जसाच्या तसा इथे आणणारे कलाकार म्हणूनच फसतात. अशा एका संध्याकाळी ठेका जोरदार होता आणि वरची चित्रंही त्याच्या मागे धावत होती. अर्ध्यावरच मी डोळे मिटून घेतले. वाजवणाऱ्याच्या हातात कसब होतं, पण जागा ओळखली नव्हती.

याउलट मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून स्वर घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, घेऊन आलेली एक वादक. तिने एकच खालचा स्वर कितीतरी वेळ तानपुऱ्यासारखा धरून ठेवला आणि स्वराची धार कमी-जास्त करणारा फिल्टर इतका सावकाश उघडत नेला की स्वर कधी उजळला ते कळलंच नाही. वर शनीची कडी आधी रेघेसारखी दिसत होती, ती त्याच गतीने कलत रुंद झाली. दृश्य चालवणारी व्यक्ती कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलावर, बसून ऐकत होती आणि ऐकून हात हलवत होती. हीच खरी जुगलबंदी. तिकीट काढताना आपण वादकाचं नाव बघतो, पण माझ्या मते त्या संध्याकाळचा निम्मा वाटा कन्सोलवरच्या माणसाचा असतो आणि त्याचं नावही तितक्याच ठळकपणे छापलं पाहिजे.

हे तारांगण 1958 चं, 2011 मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलेलं. मधोमध झाइस कंपनीचा स्टारमास्टर हा तारे दाखवणारा प्रोजेक्टर आहे. त्यात ताऱ्यांचा प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून येतो, म्हणून तारे सुईच्या टोकाएवढे बारीक आणि लखलखीत दिसतात. चित्रं दाखवणाऱ्या व्हिडिओ प्रोजेक्टरचा काळा रंग मात्र नेहमी थोडा करडाच असतो. संगीत अगदी विरळ झाल्यावर चित्रं काढून टाकून फक्त हे तारे ठेवले की प्रेक्षागृहात कोणी खोकतसुद्धा नाही. उलट घुमटाच्या एका बाजूला पांढरंशुभ्र चित्र टाकलं की त्याचा उजेड समोरच्या बाजूवर पडतो आणि सगळं आकाश फिकं होतं. चांगले दृश्यकार अंधार जपून वापरतात.

कल्पना तशी जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात 1957 मध्ये हेन्री जेकब्स आणि जॉर्डन बेल्सन यांनी ‘व्होर्टेक्स’ नावाचे कार्यक्रम सुरू केले. टेपवरचं इलेक्ट्रॉनिक संगीत ते घुमटाभोवतीच्या स्पीकरांतून गोल फिरवायचे. इथेही आवाज डोक्यावरून एका कडेकडून दुसरीकडे जातो, तेव्हा अंगावर काटा येतो. हेडफोनमध्ये ते सापडत नाही.

आता बसण्याचं. तारांगणाचे पडदे सहसा बारीक छिद्रांच्या अॅल्युमिनियमचे असतात. आवाज त्यातून आरपार जातो, तरी अंतर्वक्र पृष्ठभाग तो मधल्या भागाकडे थोडाफार परतवतोच. त्यामुळे मधोमध बसलं तर मला खर्ज गढूळ ऐकू येतो. मागच्या रांगांत स्वर सुटे लागतात आणि मानही फार वर करावी लागत नाही. गरगरायला लागलं तर मधल्या प्रोजेक्टरकडे किंवा पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघावं, लगेच बरं वाटतं. ग्रीन लाइन या शहरी रेल्वेचं सायन्स पार्क स्टेशन जवळच आहे, पण चार्ल्स नदीवरचा वारा जानेवारीत कान कापतो. टोपी विसरू नका, आणि दार बंद होण्याआधी आत पोचा, कारण डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतातच.