आउटबोर्डचा 'गिअर गेला' सांगून मला कसं गंडवलं

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन, वापरणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय, खास करून ज्यांचा गिअर सध्या नीट पडत नाहीये आणि मेकॅनिक म्हणतोय की खालचं युनिट खोलावं लागेल. खोलायला देण्याआधी हे वाचून घ्या.

माझं इंजिन रिमोट कंट्रोलवालं, म्हणजे स्टिअरिंगजवळ लिव्हर आणि तिथून मागे इंजिनपर्यंत केबल. त्रास हळूहळू वाढत गेला. लिव्हर जड लागायला लागला, रिव्हर्स टाकला की कर्रर्र आवाज, कधी पडायचा कधी नाही, आणि न्यूट्रलला आणलं तरी बोट आपली हळूच पुढे सरकत राहायची, जेटीला लावताना जीव मुठीत धरून बसायचं. फॉरवर्ड मात्र एकदा पडला की पडला, फुल थ्रॉटल दिला तरी सुटत नव्हता. ही फॉरवर्डची गोष्ट लक्षात ठेवा.

मेकॅनिक आला, दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि इंजिन बंद असतानाच मला म्हणाला, टाका रिव्हर्स. टाकला तर लिव्हर अर्ध्यात अडकला. "बघितलंत? जॅम आहे. डॉग क्लच गेलाय, गिअरचे दात पण उडाले असणार, पूर्ण सेट बदलावा लागेल." डोळ्यांसमोर अडकलेला लिव्हर दिसतोय म्हटल्यावर माणूस काय बोलणार.

आता हे नाटक कसं चालतं ते सांगतो. खालच्या युनिटमध्ये, आपण ज्याला लोअर युनिट म्हणतो तिथे, वरून येणाऱ्या शाफ्टला पिनियन (छोटा गिअर) असतो आणि तो फॉरवर्ड आणि रिव्हर्स असे दोन गिअर एकमेकांच्या उलट दिशेने सतत फिरवत असतो, न्यूट्रलला सुद्धा. त्या दोघांच्या मधे प्रोपेलरच्या (म्हणजे पंख्याच्या) शाफ्टवर डॉग क्लच, दोन्ही बाजूंना दात असलेला तुकडा, पुढेमागे सरकतो, ज्या गिअरमध्ये त्याचे दात अडकतील त्या दिशेने पंखा फिरतो. इंजिन बंद असलं की सगळंच थांबलेलं, डॉगचा दात गिअरच्या दातासमोर आला तर आत जाणारच नाही, मग तुम्ही लिव्हरवर लटका. चांगल्यातल्या चांगल्या, अगदी नव्या इंजिनलाही असं होतं. पंखा हाताने थोडा फिरवला की खट करून पडतो. म्हणजे त्याने मला दाखवलेला 'जॅम' हा कुठल्याही बंद इंजिनवर कोणालाही दाखवता येतो, आणि जोर लावत बसलात तर लिंकेज (केबल आणि गिअर जोडणारे दांडे) वाकायची शक्यता वेगळी.

इंजिन तो घेऊन गेला, बरेच दिवस ठेवलं, रोज उद्या उद्या. शेवटी परत आणलं तेव्हा बिलावर नुसतं गिअर सेट, सील किट, मजुरी, पार्ट नंबर एकही नाही. सोबत पुरावा म्हणून एका डब्यात तुटक्या दातांचे गिअर दिले, हे बघा तुमचे जुने. चालवून बघितलं तर गिअर छान पडत होता. पैसे दिले.

थोड्याच दिवसांत लिव्हर परत जड, रिव्हर्स परत कर्रर्र, वर नवीन भर म्हणजे गिअरमध्ये टाकलं की इंजिन बंद पडायला लागलं. पहिला मेकॅनिक फोन उचलत नाही म्हणून दुसऱ्या मेकॅनिकला दाखवलं आणि त्याने जे केलं ते मी शेजारी उभं राहून बघितलं. आधी चावी काढली, किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करायच्या स्विचची) दोरी काढली, स्पार्क प्लगच्या वायरी काढल्या (पंख्याला हात लावायच्या आधी हे करायचंच, यात चालढकल नको). मग इंजिनच्या बाजूला केबलचं टोक लिंकेजवरून सोडवलं आणि मला म्हणाला आता लिव्हर हलवा. केबल कशालाच जोडलेली नाही आणि लिव्हर तितकाच जड! नंतर त्याने एका हाताने इंजिनवरचा शिफ्ट आर्म आणि दुसऱ्याने पंखा फिरवत तिन्ही गिअर टाकून दाखवले, मऊ, अजिबात अडथळा नाही. न्यूट्रलला पंखा दोन्हीकडे मोकळा, फॉरवर्डला एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला टकटक करत सरकणारा (बऱ्याच इंजिनमध्ये असंच असतं), रिव्हर्सला दोन्ही बाजूंनी घट्ट. म्हणजे खाली सगळं ठणठणीत, दुखणं केबलचं. आतली तार गंजलेली, त्यामुळे लिव्हर पूर्ण टाकला तरी मागे शिफ्ट आर्म पूर्ण जातच नव्हता, डॉग अर्धवट अडकायचा म्हणून कर्रर्र, आणि न्यूट्रललाही मधोमध यायचा नाही म्हणून बोट सरकायची.

मग आधी चाललं कसं? पहिल्याने केबलच्या टोकाचा ॲडजस्टिंग बॅरल फिरवून ठेवला होता आणि टोकाला ग्रीस फासलं होतं, त्याने रिव्हर्सला थोडी जास्त चाल मिळाली. शिवाय आयडल आरपीएम, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग, खाली आणून ठेवला, म्हणजे गिअर पडतानाचा धक्का कमी आणि गिऱ्हाईक खूश. तेच आयडल प्रमाणाबाहेर उतरल्यामुळे इंजिन बंद पडत होतं.

आता मुख्य प्रश्न, त्याने युनिट खोललं तरी होतं का. दुसऱ्याने खाली ट्रे ठेवून गिअर ऑइल काढलं. आलं ते काळं, जुनं, करपट वासाचं. गिअर बदलायचे तर ऑइल काढावंच लागतं, आणि काढलं की परत कोणी जुनं भरत नाही. ड्रेन स्क्रूच्या चुंबकाला नुसती राखाडी लेप असल्यासारखी बारीक पूड, ती नेहमीच्या झिजेची असते, एक सुद्धा कण टोचेल असा नव्हता. दात तुटलेले असते तर तुकडे असते. आणि पंखा काढल्यावर आतल्या बेअरिंग कॅरिअरच्या (प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बोल्टभोवती मिठाचा पांढरा थर जसाच्या तसा, बोल्टच्या डोक्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. तो कॅरिअर बाहेर काढल्याशिवाय गिअर निघतच नाहीत!

मग घरी येऊन तो डबा पुन्हा उघडला. तुटक्या दातांवर लालसर गंज, खड्डे पडलेले. माझ्या ऑइलमध्ये पाणी नव्हतं (पाणी गेलं की ऑइल चहासारखं दुधाळ होतं), मग ऑइलमध्ये बुडून असलेले गिअर इतके गंजतील कसे. कुठल्यातरी भंगार इंजिनचे होते ते, आणि माझा अंदाज आहे की तो डबा माझ्याआधी बऱ्याच जणांना दाखवून झालाय, मला तर तो घेऊन जा म्हणताना पण जरा कचरत होता.

फॉरवर्डचं आता सांगतो. डॉग किंवा गिअरचे दात खरंच गोल झाले असतील तर लोड आला की गिअर सुटतो, इंजिन रेस होतं, परत अडकतो, खाडखाड असा आवाज येतो. लिव्हर हळूहळू, घाबरत टाकणाऱ्यांचे दात असे झिजतात, टाकताना आयडलवर आणि एका झटक्यात टाकायचा. माझा फॉरवर्ड फुल थ्रॉटलला सुटत नव्हता, आणि हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्याने अजून एक गोष्ट सांगितली ती पण लिहून ठेवतो कारण यातही लोकांना टोपी घालतात. इंजिन रेस होतं पण बोट पळत नाही, तेव्हा 'गिअर स्लिप होतोय' म्हणून युनिट काढायला लावतात. बऱ्याचदा पंख्याच्या आतला रबर बुश सुटलेला असतो. पंख्याच्या आतल्या हबवर आणि बाहेरच्या भागावर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा, बोट जोरात चालवून या, रेघ तुटून इकडची तिकडे झाली असेल तर बुश गेलाय. आणि इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं चाक, ते बदलायला खालचं युनिट काढावं लागतं) बदलून आणल्यावर लगेच रिव्हर्स किंवा न्यूट्रल गायब झालं तर गिअर तुटले म्हणणाऱ्याला हाकला, युनिट परत लावताना शिफ्ट रॉड चुकीच्या गिअरमध्ये जोडला असणार.

केबल बदलली, जुन्या केबलवरची लांबी बघून तेवढीच घेतली, तीव्र वळण न देता टाकली, न्यूट्रल मधोमध सेट केलं, आयडल मॅन्युअलप्रमाणे. लिव्हर आता दोन बोटांनी पडतो.

पहिल्याकडे ऑइलचे आणि बोल्टचे फोटो घेऊन गेलो. आधी म्हणाला पाणीच खारं आहे, मग म्हणाला तुम्हाला लिव्हर टाकता येत नाही, मग म्हणाला ऑइल दुसऱ्याने बदललं असेल. घातलेल्या गिअरचे पार्ट नंबर लेखी द्या म्हटलं तर म्हणे इंजिन परत आणून सोडा, खोलून बघतो. माझे पैसे त्याने अजून परत दिलेले नाहीत. बिल, फोटो आणि तो डबा लावून ग्राहक तक्रार टाकली आहे.