टीसीएलच्या साठ गोण्या आणि माझी एक सही

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी काम करतो. आम्ही जसे फसलो तसं दुसऱ्या कुठल्या केंद्रावर होऊ नये, म्हणून हे लिहितोय. यात पैसा पालिकेचा गेला, पण धोका नळाखाली कळशी लावणाऱ्यांच्या वाट्याला आला.

पावसाळ्यासाठी टीसीएलच्या, म्हणजे पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरच्या, २५ किलोच्या ६० गोण्या घ्यायच्या होत्या. सर्वांत कमी दर भरणाऱ्याने नमुना स्वतःच आणून दिला. प्रयोगशाळेत त्यात ३३ टक्के क्लोरीन निघालं. आम्ही निश्चिंत झालो. नमुना त्याने निवडलेला आहे, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

गाडी आली ३० मार्चला, दिवेलागणीला. दुसऱ्या दिवशी आर्थिक वर्ष संपणार, बिल त्याच्या आत निघायला हवं. हमालांनी फाळक्याजवळच्या दोन गोण्या फोडून दाखवल्या. नाकाला झोंबणारा वास आला आणि मी चलनावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं लिहून सही केली. ती सही मला अजून टोचते. टीसीएल कमजोर असली तरी वास मारतेच. टक्केवारी कळते ती प्रयोगशाळेतच.

जूनमध्ये नदीला गढूळ पाणी आलं आणि नव्या गोण्या काढल्या. आमचं पाणी दिवसाला २० लाख लिटर. लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे रोज चार किलो, आणि ३३ टक्क्यांची पावडर असेल तर १२ किलो पुरते. तेवढी टाकूनही खारवी वाड्यातल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का हे रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीला, पिवळा रंग येईना. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. आम्ही पावडर दुप्पट केली. द्रावणाच्या टाकीत चुन्याचा गाळ साचला, डोसिंगची नळी दोनदा तुंबली, तरी रंग नाहीच. तेव्हा थप्पीच्या मधल्या पाच गोण्यांचे नमुने पाठवले. ११ ते १४ टक्के! म्हणजे १२ किलोंचं काम करायला रोज तीस-पस्तीस किलो लागले असते. त्या आठवड्यात वाड्यात काही मुलांना जुलाब झाले. कारण पाणीच होतं असं मी सांगू शकत नाही, पण नव्हतं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. रिक्षा फिरवून ‘पाणी उकळून प्या’ असं सांगावं लागलं.

पुरवठादाराचं उत्तर तयार होतं: ‘साहेब, तुमच्या कोकणच्या दमट हवेत पावडर मरते, त्याला आम्ही काय करणार?’ यात तथ्य आहे म्हणूनच ते भारी पडलं. उष्णता आणि ओल लागली की टीसीएलमधलं क्लोरीन उडतं, आणि आमच्याकडे तर तीन महिने उलटले होते. माल आला त्या दिवशीचा एकही अहवाल आमच्याकडे नव्हता. मग गोण्या नीट पाहिल्या. बऱ्याच गोण्यांच्या तोंडाशी शिवणीखाली जुन्या सुईची भोकं होती, म्हणजे एकदा उसवून पुन्हा शिवलेल्या. उत्पादनाचा महिना पुसट, काहींवर दोन शिक्के एकावर एक. हे सगळं ३० मार्चलाही दिसलं असतं, बॅटरी घेऊन गाडीत चढलो असतो तर.

अनामत रक्कम अडवून ठेवली आहे. बिलाचे पैसे परत मिळालेले नाहीत.

आता गाडी आली की गोण्या आम्ही निवडतो, मधल्या आणि तळाच्या. पुरवठादाराच्या माणसासमोर नमुना घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत भरतो, दोघांच्या सह्यांनी सील करतो आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवतो. चलनावर फक्त ‘गोण्या मोजून घेतल्या, तपासणी बाकी’ एवढंच लिहितो आणि अहवालाशिवाय बिल पुढे सरकवत नाही. मार्चअखेर माल घेणं बंद केलंय. चार महिन्यांचा साठाही नाही, महिन्यापुरताच मागवतो. गाडीभाडं वाढतं, लेखापाल कुरकुरतात, तरीही.

त्या लॉटमधल्या तीन गोण्या मी शिवणीसकट तशाच ठेवल्या आहेत. उरलेली पावडर गटारांवर टाकली.