कोरडी आणि सुगंधी पांढरी वाइन: मराठवाड्यात राहून कोणती घ्यावी?

गेवुर्ट्झट्रामिनर या द्राक्षाच्या, त्याच नावाच्या पांढऱ्या वाइनचा पेला नाकाशी नेला की गुलाबपाणी शिंपडलेली लिची आठवते. हा भास नव्हे. लिचीत असणारा रोझ ऑक्साइड हा सुगंधी घटक या द्राक्षातही असतो. म्हणूनच 'अशी, पण कोरडी (म्हणजे गोड नसलेली) आणि आपल्याकडची मिळेल का?' असं विचारावंसं वाटतं. संभाजीनगर-जालन्याकडे 'आपल्याकडची' म्हणजे नाशिकची. कडवंचीच्या बागा जवळ आहेत, पण ती खायची द्राक्षं. वाइनची द्राक्षं बारीक आणि बियांची असतात.

गुलाबी सालीचं गेवुर्ट्झट्रामिनर हे द्राक्ष थंड हवेचं. त्यात आंबटपणा मुळातच कमी, उन्हानं तोही उतरतो आणि साखर भराभर चढते. लवकर तोडलं तर वास भरत नाही, थांबलं तर वाइन जड होते. त्यामुळे नावाचा हट्ट सोडून गुण शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अस्सल तीच हवी असेल तर फ्रान्समधल्या अल्सासची घ्या. 2021 च्या हंगामापासून तिथल्या बाटलीवर गोडीचा प्रकार छापणं सक्तीचं आहे. 'सेक' म्हणजे कोरडी. आयात शुल्कामुळे ती महाग पडते. मद्यांशही बऱ्याचदा 14 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिखट रश्श्यासोबत घशात जाळ.

नाशिकच्या वाइनमध्ये माझी पसंती व्हिऑनिए या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीच्या 'दिंडोरी रिझर्व्ह' मालिकेत ती मिळते. गुलाब नाही, पण जर्दाळू आणि फुलांचा दरवळ आहे, अंग भरीव आहे (तोंडात पातळ लागत नाही) आणि ती कोरडी आहे. नान-खलियासोबत मला हीच रुचते. रिसलिंग या दुसऱ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये आंबटपणा चांगला, पण सुलाची रिसलिंग किंचित गोडसर लागते. कोरडीच हवी असेल तर ती बाजूला ठेवा. तिखट खाणाऱ्या पाहुण्यांना मात्र ती गोडीच सोसवते. सोव्हिन्यां ब्लां या तिसऱ्या द्राक्षाची वाइन स्वस्त आणि कोरडी, पण तिचा वास हिरवा, कापलेल्या गवताचा. हुरड्याच्या दिवसांत शेतावर, लसणाच्या चटणीसोबत ती छान जमते. लिची-गुलाबाची हौस तिच्यानं भागायची नाही.

सुगंधी वाइन कोरडी असूनही गोड भासते. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या आणि जिभेच्या शेंड्याकडे लक्ष द्या. तरीही गोड लागली तर साखर आहे. नाक सोडल्यावरच 'गोड' वाटली तर तो वासाचा खेळ.

आणखी एक, कारण यात मी फसलो आहे. एप्रिलमध्ये एका दुकानातून काचेत, उन्हाच्या तिरिपेत मांडलेली बाटली आणली. उघडली तर फुलं गायब, शिजलेल्या सफरचंदाचा वास. तेव्हापासून मी फ्रिजमधलीच बाटली मागतो, हंगामाचं साल बघतो आणि त्यातली ताजी उचलतो. घरी 10 ते 12 अंशांवर प्या. बर्फगार केली तर ज्या वासासाठी पैसे मोजले तोच दबतो.