आठ महिने झाले: चंद्राचं बटण, वेव्हमेकर आणि आमच्याकडची लाईट

माशांच्या टाकीचा एलईडी दिवा आणि वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप, यांचा हा रिव्ह्यू लिहायला मी जूनमध्येच बसलो होतो. तेव्हा डोकं तापलेलं होतं आणि एका स्टारच्या वर काही द्यायची तयारी नव्हती. बरं झालं राहून गेलं. आता श्रावण आलाय, डोकं थंड झालंय आणि दिव्याच्या एकाचे अडीच झालेत. वेव्हमेकरची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईलच.

टाकी आमची वेंगुर्ल्यात, ओटीवर. तीन बाय एक बाय दीड फूट. खडी, ओंडका वजा जाता एकशे दहा लिटर पाणी धरा. पाणी विहिरीचं, जांभ्यातलं, मऊ. निऑन टेट्रांना ते छान मानवतं. दहा निऑन, सहा झेब्रा (पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे), गुरामी माशांची जोडी आणि वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचं रान. डिसेंबरात एलईडीची पट्टी १४५० ला आणि वेव्हमेकर ७५० ला मागवला. पट्टी म्हणजे तीच, अठरा वॉटची, रिमोटवर चंद्रकोर असलेली. कंपनीचं नाव घालत नाही. डबे वेगवेगळे असले तरी माल एकाच कारखान्यातला असावा असा माझा संशय आहे.

पहिला महिना चंद्रकोरीवर खूश होतो. पांढरा दिवा रात्री नऊला आपोआप बंद, मग सकाळपर्यंत निळा उजेड. येणारा-जाणारा ओटीवर थबकायचा. आईने मात्र दुसऱ्याच दिवशी विचारलं, "रात्रीचो दिवस कित्याक केलंस? माश्यांका पण झोप होई ना रे!" मी हसलो. सहा आठवड्यांनी हसू गेलं. समोरच्या काचेवर हिरवी साय धरायला लागली. रविवारी पुसावी तर बुधवारी पुन्हा हजर. खत कमी केलं, पाणी जास्त बदललं, काही फरक नाही. मग उजेड पडला (हाच काय तो फुकटचा) की हरितद्रव्य निळा प्रकाश आवडीने शोषतं. म्हणजे मी शेवाळाला रात्रपाळीचं जेवण घालत होतो. निळा दिवा मुळात खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाक्यांचा. तिथे त्याला अर्थ आहे. आणि चंद्र म्हणाल तर तो निळाही नसतो आणि रोज रात्रभर उजेडही देत नाही. ही पट्टी अमावास्येलाही पौर्णिमा करते. माशाला पापण्या नाहीत, डोळे मिटायची सोय नाही. आई बरोबर होती. तिला अजून सांगितलेलं नाही.

तर फेब्रुवारीपासून निळा बंद. एवढ्यावर निभावलं असतं. पण या पट्टीचा खरा रोग पावसाच्या तोंडावर कळला. लाईट गेली की ती सगळं विसरते. वेळ विसरते, टायमर विसरते, चंद्र विसरते, आणि लाईट आली की भक्क पांढरी पेटते. पुण्यात राहणाऱ्याला हा दोष दोन वर्षं कळणार नाही. आमच्याकडे जूनमध्ये माडाची झावळ तारेवर पडायला वेळ लागत नाही. एका रात्रीत चार वेळा जाते, पाच वेळा येते असं वाटतं.

एका रात्री अडीचला ओटी एकदम पांढरीफटक झाली म्हणून उठलो. निऑन अंधारात रंग उतरवतात हे वाचून माहीत होतं, बघितलं तेव्हा पहिल्यांदा. निळा पट्टा जवळजवळ नाहीसा, तांबडा मळकट, दहाच्या दहा मासे कच्च्या करंदीसारखे फिके आणि काचेवर आपटत सैरावैरा. पट्टा परत निळा व्हायला काही मिनिटं गेली. सकाळी टाकीमागे फरशीवर एक झेब्रा सापडला, वाळून कडक झालेला, शेपटीकडून मुंग्या लागलेल्या. झेब्रा घाबरला की उडी मारतो, आणि झाकणाला वायरीसाठी ठेवलेली दोन बोटांची फट मीच कापली होती. तरी राग दिव्यावरच काढला.

फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, मेमरी नाही हा दोष नाही, तो डिझाइनचा भाग आहे." इन्व्हर्टरवर टाका म्हणाला. टाकली. आमचा इन्व्हर्टर जुना, बदलताना पंखा क्षणभर दचकतो, तेवढ्यातही पट्टी विसरते. मी म्हटलं, परत घ्या. दहा दिवसांची मुदत केव्हाच संपलेली. तिकडे मालवणात पारंपरिक मच्छीमार एलईडी मासेमारीच्या, म्हणजे समुद्रात झगझगीत दिवे लावून मासे ओढण्याच्या, नावाने ओरडताहेत, केंद्राची २०१७ पासून तिच्यावर बंदी आहे, आणि मी घरच्या घरी दहा निऑनवर तोच प्रयोग करतोय असं वाटायला लागलं.

वेव्हमेकरबद्दल माझं मत मे महिन्यापर्यंत वाईट होतं. ताशी तीन हजार लिटर! एकशे दहा लिटरच्या टाकीत म्हणजे तासाला सत्तावीस फेरे. झेब्रा खूश, व्हाळाच्या धारेत पोहल्यासारखे उलटे पोहायचे. गुरामी बिचाऱ्या ओंडक्याच्या आडोशाला. शिवाय रात्री घरघर. रात्री मासे झोपतात, त्यांना कसलं वारं-पाणी, असा विचार करून मी झोपताना तो बंद करायचो. सहा वॉट वाचतात हाही हिशोब होताच.

मेच्या शेवटी वळवाने रात्री अकराला लाईट नेली, ती पहाटे आली. साडेपाचला बघतो तर निऑन आणि झेब्रा झाडून सगळे पृष्ठभागाला चिकटलेले, तोंडं वर, कल्ले जोरजोरात हलतायत. गुरामी तेवढ्या निवांत; त्यांना वरची हवा घेणारं वेगळं इंद्रिय असतं. पाणी एकतीस अंश. झाडं रात्री प्राणवायू देत नाहीत, उलट खातात, त्यामुळे पहाटेच तो सगळ्यात कमी असतो. त्यात गरम पाण्यात मुळात मावतोच कमी: पंचवीस अंशाला लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम, तिसाला साडेसात. फिल्टर बंद, वेव्हमेकर मी स्वतः बंद केलेला. मग मगाने पाणी उचलून वरून ओतत बसलो, वीस मिनिटं. लाईट आल्यावर वेव्हमेकर लावला आणि अर्ध्या तासात सगळे खाली.

म्हणजे ज्या वेळी पाणी हलायला हवं, नेमका त्याच वेळी मी चार पैसे वाचवत होतो. आता वेव्हमेकर इन्व्हर्टरच्या लाइनवर, चोवीस तास; महिन्याला साडेचार युनिटही होत नाहीत. तोंड मागच्या काचेकडे, किंचित वर. धार काचेवर आपटून मोडते, पृष्ठभाग भातशेतातल्या पाण्यावर वारा फिरावा तसा शहारतो, आणि खाली गुरामींना त्रास नाही. बुडबुडे दिसायलाच हवेत असं नाही, वरचं पाणी हललं की काम होतं. घरघर, त्याला काचेला धरून ठेवणारा चुंबक नीट बसवल्यावर, निम्मी झाली. वेव्हमेकरला चार स्टार.

पाचवा कापला तो त्याच चुंबकापायी. पाण्यातल्या बाजूचं रबर जुलैत तडकलं आणि गंज उतरायला लागला. तक्रार केली तर उत्तर आलं, "पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." पाण्यात बुडवून चालवायच्या वस्तूचं! सध्या तो चुंबक वाळवून, सिलिकॉन फासून चालवतोय. खाऱ्या वाऱ्यात अडॅप्टरच्या पिनांवरही हिरवी पूड धरते, महिन्यातून एकदा पुसा.

दिव्याचे दीड स्टार वाढले ते इलेक्ट्रिशियनमुळे. त्याने आत बॅटरी असलेला डिजिटल सॉकेट टायमर दिला, साडेसहाशेचा. चाकाचा घेऊ नका, लाईट गेली की तो तिथेच थांबतो आणि मग रोज उशीर. हा वेळ धरून ठेवतो. दुपारी एक ते रात्री नऊ वीज देतो, बाकी वेळ काही होवो, सॉकेट बंद. आणि इथे मला तोंडात बोट घालावं लागलं: वीज आली की पट्टी स्वतःहून पांढरी पेटते म्हणूनच हे जमतं. रिमोट दाबेपर्यंत बंद राहणारी पट्टी असती तर टायमर कुचकामी ठरला असता. ज्या खोडीला शिव्या घातल्या तीच कामी आली. तरी १४५० च्या दिव्याला साडेसहाशेचं शेपूट लावावं लागलं हे मी विसरणार नाही, म्हणून अडीचच.

जूनपासून उडी नाही, काच पंधरवड्याने पुसतो, फट स्पंजने बुजवली. आता चतुर्थीला मुंबईची मंडळी येतील आणि पोरं आल्या आल्या निळा दिवा मागतील. रिमोट तांदळाच्या डब्यामागे ठेवलाय. आईला ठाऊक आहे, पण ती सांगणार नाही.