बॉस्टनमधला एक जॅझ बार: वादक उत्तम, दारात भारतीय पासपोर्ट नामंजूर

५ पैकी १ तारा. तोही वादकांसाठी. दारावरच्या वागणुकीला मी काहीच देणार नाही.

या जागेत मी ऑफिसच्या लोकांबरोबर आधी गेलेली आहे, त्यामुळे आत काय मिळतं ते माहीत आहे. तळघरातली छोटी खोली, दाटीवाटीने लावलेली टेबलं, ड्रमवाला जवळजवळ आपल्या मांडीवर. साऊंड इतका नीट लावतात की डबल बासच्या तारेवर बोट घसरल्याचाही आवाज येतो. खाणं बेताचंच, फ्राइज सोडून काही मागवू नका. पण वाजवणारे फार तयारीचे असतात. म्हणूनच आत्या मिरजेहून आली तेव्हा तिला इथेच आणायचं, हे मी तिचं विमान सुटायच्या आधीच ठरवलं होतं.

आत्या निवृत्त शिक्षिका. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात गाणं-बजावणं होतं, तिथे ती लहानपणापासून रात्र रात्र बसलेली आहे. जॅझ मात्र तिने समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. शुक्रवारी रात्री साडेनऊचा कार्यक्रम, माणशी २५ डॉलर, पैसे आधीच भरलेले. तिकिटावर एवढंच होतं की वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र लागेल. कुठल्या देशाचं चालतं नि कुठल्या देशाचं नाही, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

दारावरच्या माणसाने माझं मॅसॅच्युसेट्सचं लायसन्स उलटं केलं, मागचा बारकोड यंत्राला दाखवला, हिरवा दिवा लागला. मग आत्याने पर्समधून पासपोर्ट काढून दिला. त्याने पान उघडलं आणि विचारलं, तेविसावा महिना कुठला? तिची जन्मतारीख २३/०९/१९६१. आपल्याकडे आधी दिवस लिहितात, इथे आधी महिना. मी सांगितलं. मग म्हणाला, यंत्र हे वाचत नाही. बरोबर आहे, ते यंत्र अमेरिकी लायसन्सच्या मागचा बारकोड वाचतं आणि तो पासपोर्टवर नसतोच. पण फोटोच्या पानावर तळाशी अक्षर-आकड्यांच्या दोन ओळी असतात, सगळ्या जगात एकाच साच्यातल्या. खालच्या ओळीत जन्मतारीख पुन्हा येते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मी ६१०९२३ वर बोट ठेवून दाखवलं. त्याने पासपोर्ट मिटून परत दिला. "इंडियाचे आम्ही घेत नाही. अमेरिकेचं काही असेल तर दाखवा."

रांगेत आमच्या अगदी पुढे एक तरुण जोडपं होतं. दोघांकडे आयर्लंडचे पासपोर्ट. त्यांच्यावरही बारकोड नव्हता, यंत्राने तेही वाचले नसते. त्याने टॉर्च मारून फोटो बघितले, चेहरे बघितले आणि हसून आत सोडलं. मी विचारलं, मग त्यांचे कसे चालले? "ते वेगळं," म्हणाला. मॅनेजर बाहेर आला, तो म्हणाला हा घरचा नियम आहे. लिहिलेला दाखवा म्हटलं, तर लिहिलेला नाही.

साठी उलटलेल्या, केस पांढरे झालेल्या बाईच्या बाबतीत २१ वर्षांचा संशय कोणालाच नव्हता. मग संशय होता कशाचा? याच पासपोर्टवर मुंबईच्या वकिलातीने तिला व्हिसा दिला. याच पासपोर्टवर लोगन विमानतळाच्या अधिकाऱ्याने तिला या देशात घेतलं. आणि तळघरात बसून दोन तास संगीत ऐकायला तो पुरत नाही?

आत्या म्हणाली, "चल गं, राहू दे. लोक बघतायत." गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या पासपोर्टात खोट काय आहे, ते तरी सांगायचं त्यांनी." मला रडू आलं ते या वाक्याने. हयातभर शेकडो मुलांच्या दाखल्यांवर सह्या केलेली बाई स्वतःच्या कागदात खोट शोधत बसली होती.

दारावरच्या माणसाची अडचण मला कळते. बॉस्टन विद्यार्थ्यांचं शहर, खोटी ओळखपत्रं भरपूर फिरतात आणि अल्पवयीन माणसाला दारू दिली तर बारच्या परवान्यावर गदा येते. त्यासाठीच राज्याच्या कायद्यात, १३८व्या प्रकरणातल्या कलम ३४ब मध्ये, बारने कुठल्या ओळखपत्रांवर विसंबावं याची यादी आहे. विसंबून चूक झाली तर त्या यादीचा बारला बचावात आधार मिळतो. तिच्यात मॅसॅच्युसेट्सचं लायसन्स आहे, राज्याचं ओळखपत्र आहे, अमेरिकी लष्कराचं ओळखपत्र आहे, अमेरिकेचा पासपोर्ट आहे आणि अमेरिकेने मान्यता दिलेल्या कुठल्याही परदेशी सरकारचा पासपोर्ट आहे. दुसऱ्या राज्याचं लायसन्स तिच्यात बरीच वर्षं नव्हतं. तेव्हा न्यू जर्सीचं लायसन्स नाकारणाऱ्या बारकडे निदान एक कारण असायचं. भारतीय पासपोर्ट नाकारायला तसलं कारणही नाही. डब्लिनचा पासपोर्ट नि दिल्लीचा पासपोर्ट या कायद्यात एकाच ओळीत बसतात.

हे कलम बारवर पासपोर्ट घेण्याची सक्ती करत नाही, हेही सांगायला हवं. मॅनेजर त्याच्यावरच अडून बसला होता. पण २७२व्या प्रकरणाचं कलम ९८ वेगळं आहे. लोकांसाठी खुल्या असलेल्या जागेत वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यावरून कोणाला अडवता येत नाही. सगळेच पासपोर्ट नाकारले असते तर मी चडफडत घरी गेले असते. एका देशाचा घ्यायचा नि दुसऱ्याचा नाही, हे मी सोडून देणार नाही.

उन्हाळ्यात ज्यांच्याकडे आईवडील, काका-मावशी येतात त्यांनी हे लक्षात ठेवा. पाहुण्यांकडे इथलं दुसरं काही ओळखपत्र नसतंच. फोटोकॉपी किंवा फोनमधला फोटो दारात चालत नाही, त्यामुळे मूळ पासपोर्ट रात्री बरोबर न्यावा लागतो. तो हरवला तर नव्या पासपोर्टसाठी धावाधाव, आणि व्हिसाचा कागद तर अमेरिकेत बसून परत मिळतच नाही. एवढी जोखीम घेऊन माणूस दारापर्यंत येतो. म्हणून तिकीट काढण्याआधी ईमेल करा, "भारतीय पासपोर्ट चालेल का" असं थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी विचारलं नव्हतं, कारण असा प्रश्न विचारावा लागेल हे मनातही आलं नव्हतं. अडवलंच तर वाद घालत बसू नका. वेळ, दारावरच्या माणसाचे शब्द, पुढे-मागे कोणाला कशावर सोडलं, हे तिथल्या तिथे फोनवर लिहून काढा.

आत्याने जॅझ ऐकलं, ते पुढच्या आठवड्यात मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवरच्या वॉलीज कॅफेत. बार्बेडोसहून आलेल्या जोसेफ वॉलकॉट यांनी १९४७ साली काढलेली जागा. तिथे तिचा पासपोर्ट चालला. ती ड्रमवाल्याच्या हातांकडे बघत मांडीवर मात्रा मोजत होती आणि मधेच माझ्या कानात म्हणाली, "हा सम लपवतोय बघ." तिथे जा.

या बारकडून ५० डॉलर अजून परत आलेले नाहीत. ईमेलला उत्तर आलं की अंतिम निर्णय दारावरच्या कर्मचाऱ्याचा असतो. मी एमसीएडीकडे, म्हणजे राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे, तक्रार दिली आहे. त्यासाठी घटनेपासून ३०० दिवसांची मुदत असते, तेव्हा तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर तुमच्याही हाती वेळ असू शकतो. आत्याने तिच्या बाजूचं निवेदन स्वतः मराठीत लिहून दिलं. इंग्रजी मी केलं.