रुब्ल्योव घ्यायचा, पण कुठला?

परवा गंगापूर रोडला चहा पिताना एका मित्राने विचारलं, "'आंद्रेई रुब्ल्योव' चित्रपट डिस्कवर घेतोय. २०५ मिनिटांचा घेऊ की १८३चा?" म्हटलं, अजून एक कटिंग सांग, हे लवकर संपणार नाही.

चित्रपट रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्कीचा, रुब्ल्योव या मध्ययुगीन रशियन चित्रकारावरचा. १९६६ मध्ये तयार झालेली पहिली, लांब आवृत्ती म्हणजे २०५ मिनिटांची. सोव्हिएत अधिकाऱ्यांना ती लांब वाटली, क्रूर वाटली, बरंच काही वाटलं. १९६९ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात चित्रपट दाखवला तो स्पर्धेबाहेर आणि पहाटे चारला. तरी समीक्षकांचा पुरस्कार मिळालाच. मायदेशात पडद्यावर यायला १९७१ उजाडलं, तेही आखूड होऊन.

हे वाचलं की आपण काय हिशोब करतो? जास्त मिनिटं म्हणजे खरा चित्रपट, कमी मिनिटं म्हणजे सेन्सॉरने कुरतडलेला. मीही तोच केला. माझ्याकडे आधी एक पाल (PAL, म्हणजे युरोपात आणि आपल्याकडे चालणारी टीव्हीची पद्धत) डीव्हीडी होती. प्लेअरवर वेळ यायची १७५ मिनिटं. म्हणजे अर्धा तास गायब! ती काढणाऱ्याच्या नावाने मी वर्षभर बोटं मोडली.

मग कळलं की त्यातली सात-आठ मिनिटं कुणी कापलेलीच नव्हती. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल २५ने. तोच चित्रपट चार टक्के घाईत संपतो आणि १८३चे १७५ होतात. तेव्हा दोन डिस्कची मिनिटं शेजारी ठेवून सेन्सॉरला शिव्या घालण्याआधी डिस्क पाल आहे का, ते बघा.

चला, ती मिनिटं कापली नव्हती, मग बिघडलं कुठे? घंटेपाशी. शेवटच्या प्रकरणातला तो पोरगा, बोरिस्का, माती शोधतो, साचा करतो, धातू ओततो, आणि मग सगळं गाव श्वास रोखून उभं असतं की वाजते की नाही. ती वाजली आणि मला वाटलं, ही एवढी पोरकट का? घाईबरोबर आवाजही चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनकडे सरकावं, साधारण तेवढा. बोलण्यात चालून जातं, कारण रशियन आपल्याला येत नाही. घंटेत चालत नाही, निदान नाशिककराला तरी. नारोशंकराच्या देवळावरची घंटा बघत वाढलेली माणसं आपण. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली ती घंटा. एवढ्या धातूचा आवाज पोटात उतरायला हवा, हे कुणी शिकवावं लागत नाही. (काही पाल डिस्कांवर आवाजाची पट्टी सुधारून घेतलेली असते म्हणे. माझ्या नशिबी ती नव्हती.)

म्हणून मी अमेरिकेतून क्रायटेरियन या कंपनीची २०१८ची ब्लू-रे मागवली. तिच्यात दोन्ही आवृत्त्या आहेत, त्यामुळे निवडीचा प्रश्न तसा सुटतो. अडचण एकच, ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेत, ती 'ए' विभागाची आणि आपण 'सी' विभागात. सगळे विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर डिस्क शोकेसमध्ये ठेवायला छान दिसते.

आता मूळ प्रश्न. २०५ मध्ये २२ मिनिटं जास्त आहेत. टाटारांच्या हल्ल्यात रक्तपात अधिक आहे, जळती गाय आहे. तिला अ‍ॅस्बेस्टॉसचं पांघरूण घातलं होतं, असं चित्रपटवाल्यांनी सांगितलं. जिन्यावरून कोसळणारा घोडा मात्र खरंच मेला, आणि तो दोन्हीकडे आहे, त्यामुळे कोमल मनाच्यांनी १८३ घेऊन सुटका होत नाही. अभ्यास करायचा असेल तर २०५ जरूर पाहा. पण मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा वाटलं की काही प्रसंग मुद्दा पोचल्यावरही रेंगाळतात. स्वतः तार्कोव्हस्कीनेही नंतर सांगितलं होतं की कात्री माझीच आणि शेवटची, म्हणजे आखूड, आवृत्तीच सरस. दबाव होता हे खरंच, त्यामुळे त्याचा शब्द किती धरायचा ते तुम्ही ठरवा. मी धरतो. चित्रही १८३चंच नवं, स्वच्छ केलेलं आहे. दुसरं त्यापुढे मळकट वाटलं, अर्थात हे माझ्या टीव्हीवर.

खर्च करायचा नसेल तर मोसफिल्म या रशियन स्टुडिओने यूट्यूबवर तार्कोव्हस्की फुकट ठेवलाय, इंग्रजी उपशीर्षकांसह. आधी तिथे पाहून घ्या. इथे छापलेली डिस्क मिळाली, तर तिला आपल्या सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं हे लक्षात ठेवून काही कापलंय का ते विचारा. धूम्रपानाच्या इशाऱ्याची पट्टी तेवढी नसावी. त्याच पट्टीपायी २०१३ मध्ये वुडी अ‍ॅलनने 'ब्लू जास्मिन' भारतात येऊ दिला नाही. रुब्ल्योवच्या काळी रशियात तंबाखूच पोचली नव्हती, हे आपलं नशीब.

मित्राने अखेर जुनी २०५ची डीव्हीडी स्वस्तात उचलली. माझी १७५ मिनिटांची कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त घंटा वाजायच्या आधी बंद करा.